नवजात बालकांची तपासणी ‘ऐच्छिक’ का?

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलामुलींमधील तीस व्याधी व व्यंगे शोधून त्यांवर मोफत उपचार करण्याचे अभिवचन या कार्यक्रमाने दिले. त्या तिसांच्या यादीत अगदी अखेरीस, सिकल सेल व थॅलॅसेमिया यांच्यासोबत, जन्मजात थायरॉईड-न्यूनतेचे नाव आहे; आणि तेथेच कंसात एक शब्द घातलेला आहे: ‘ऐच्छिक’. शासकीय परिभाषेत त्याचा अर्थ असा की, राज्य सरकारने मनावर घेतले तर तपासणी होईल; न घेतल्यास कोणी जाब विचारणार नाही. या एका शब्दाची किंमत कोण मोजतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीराच्या चयापचयाची गती त्यावर ठरते आणि आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढही त्यावर अवलंबून असते. काही बालकांत ही ग्रंथी तयारच झालेली नसते, अर्धवट वाढलेली असते, किंवा असूनही संप्रेरक बनवू शकत नाही. असे बालक जन्मतः बहुधा निरोगीच दिसते, कारण गर्भात असताना आईचे थायरॉक्सिन थोडेफार त्याला मिळालेले असते. पुढे कावीळ लांबते, शौचास साफ होत नाही, मूल सुस्त पडून राहते, दूध ओढत नाही, रडण्याचा आवाज घोगरा होतो. घरातील माणसे ‘बाळ फार शांत आहे’ म्हणून समाधान मानतात. लक्षणे स्पष्ट होईपर्यंत काही महिने गेलेले असतात, आणि तेवढ्यात मेंदूची झालेली हानी नंतर कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

उलट, पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला तर हेच मूल इतर मुलांबरोबर वाढते, शाळेत जाते, कमावते होते. उपचार म्हणजे थायरॉक्सिनची छोटी गोळी, दिवसातून एकदा, चुरून आईच्या दुधातून किंवा पाण्यातून द्यायची. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे आणि ती स्वस्तही आहे. वैद्यकशास्त्रात इतक्या अल्प खर्चात इतके मोठे अपंगत्व टाळता येण्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

निदानही अवघड नाही. ग्रंथी दुबळी असली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला जागे करण्यासाठी टीएसएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडते. रक्तातील त्याचे प्रमाण मोजले की दोष उघड होतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी ते सर्वच बालकांत वाढलेले असल्यामुळे ४८ तासांनंतर टाचेतील रक्ताचे थेंब शोषक कागदावर घेतात. आई त्याआधीच घरी जाणार असेल, तर प्रसूतीच्या वेळी नाळेतील रक्त घेता येते. वाळलेला कागद साध्या टपालाने प्रयोगशाळेत जाऊ शकतो.

या कागदाचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी फेनिलकेटोनुरिया या चयापचयाच्या व्याधीसाठी ही पद्धत विकसित केली. जो संच तयार करण्यास त्यांना ६ डॉलर लागत, तो २६२ डॉलरला विकण्याचा उत्पादक कंपनीचा बेत होता. गथ्री यांनी त्यास विरोध केला आणि कंपनीची मक्तेदारी होऊ दिली नाही. पुढे कॅनडातील जाँ द्युसो यांनी तशाच वाळलेल्या थेंबातून थायरॉईड-न्यूनता ओळखण्याची रीत शोधली आणि १९७४ साली क्यूबेक प्रांतात सरसकट तपासणी सुरू झाली. ज्या देशांनी हा मार्ग पत्करला, तेथे या कारणाने येणारे बौद्धिक अपंगत्व जवळपास नाहीसे झाले. त्याला अर्धे शतक लोटले आहे.

भारतात हा प्रश्न किरकोळ आहे असे म्हणण्यास आधार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह निरनिराळ्या शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी करविली. तीत दर ११३० बालकांमागे एकास हा दोष आढळला. देशात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. म्हणजे दरवर्षी सुमारे २० हजार मुलांचे भवितव्य रक्ताच्या एका थेंबावर ठरते. मिठातील आयोडिनामुळे गलगंडास आळा बसला हे खरे, परंतु जेथे ग्रंथीच नाही तेथे आयोडिन काय करणार? गोव्याने २००८ साली सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी सुरू केली. केरळानेही सरकारी प्रसूतिगृहांत ती आणली. अन्यत्र खाजगी इस्पितळात बाळंत होणाऱ्या सुखवस्तू आईच्या बालकाला पैसे मोजून डझनावारी व्याधींची तपासणी मिळते, आणि सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या शेतमजुराच्या बालकाची तपासणी होईलच याची खात्री नसते. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ असा वर्गीय आहे.

यावर आक्षेप येतो की, जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही तेथे ही चैन कशाला? आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. केवळ थेंब गोळा करून भागत नाही. दोष आढळलेले मूल आठवडाभरात शोधून काढावे लागते, शिरेतील रक्त घेऊन खात्री करावी लागते, गोळी अखंड पुरवावी लागते, वाढीनुसार मात्रा बदलावी लागते. काहींचा दोष तात्पुरता असल्याने तिसऱ्या वर्षानंतर फेरतपासणीही करावी लागते. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचे मूल कोल्हापूरकडे जन्मले, अहवाल येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेली, तर त्या अहवालाचा उपयोग काय? परंतु यातून निघणारा निष्कर्ष तपासणी नको असा नसून सार्वजनिक आरोग्ययंत्रणा बळकट हवी असा आहे. तिचा सांगाडा आजही उभा आहे. जन्मतःच बीसीजी व पोलिओची लस दिली जाते. इस्पितळात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते. तिला तुटपुंज्या मोबदल्यावर राबवून घेणारे शासन निधीअभावाचे कारण पुढे करते, तेव्हा अभाव निधीचा नसून इच्छेचा असतो.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्व टाळण्याच्या योजना आखण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. अपंगत्व आल्यावर प्रमाणपत्र व पेन्शन देणारे शासन ते टाळण्याची तपासणी मात्र ऐच्छिक ठेवते, ही विसंगती चव्हाट्यावर आणली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन साधे प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्यात किती बालके जन्मली, किती जणांचे रक्त घेतले गेले, अहवाल किती दिवसांत आले, थायरॉक्सिनची गोळी औषधभांडारात आहे काय? उत्तरे लेखी मागावीत आणि जिल्हा परिषदेत मांडावीत. प्रत्येक प्रसूतिगृहात मोफत तपासणी, प्रत्येक जिल्ह्यासाठी प्रयोगशाळेची सोय, माता-बाल कार्डावर निकालाची नोंद आणि गाव बदलले तरी चालू राहणारा औषधपुरवठा, एवढी ही मागणी आहे. तिला मोर्चाचे बळ मिळाल्याशिवाय यादीतील तो कंस निघणार नाही.