कच्चे मडके कोणाचे?

यंत्रयुगात माणसाचा स्पर्श, श्रवण आणि नजर बोथट झाली असून हाताने घडविलेली अवजारे हाती घेतली की या विसरलेल्या जाणिवा पुन्हा जाग्या होतात, असा विचार हस्तकलांच्या प्रदर्शनांच्या निमित्ताने अलीकडे मोठ्या हौसेने मांडला जातो. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला प्रदर्शनीची जुनी परंपरा आहे. तेथे किंवा एखाद्या महाविद्यालयात ग्रामीण अवजारांचे दालन उभारावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. या उत्साहाचे स्वागत करूनही एक प्रश्न विचारलाच पाहिजे: या जाणिवा विसरल्या कोणी?

तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईला बी किती पडते हे बोटांच्या फटीतून कळते. मूठ सैल पडली तर पेर दाट, आवळली तर विरळ; आणि चूक झालीच तर ती उगवल्यावर सारा गाव पाहतो. लोहार लोखंडाचा ताव लाल, नारिंगी, पिवळ्या छटांवरून ओळखतो. म्हणूनच त्याची भट्टी सावलीत असते. सुतार लाकूड ठोकून नादावरून त्याचा वाळलेपणा सांगतो. चांभाराची रापी कातड्याची जाडी अंगठ्याला विचारूनच चालते. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा ही शास्त्राची सारी लक्षणे या व्यवहारात आहेत. ते ग्रंथात सापडत नाही म्हणून त्याला ‘हातगुण’ म्हणून आपण मोकळे झालो. तेव्हा जाणिवा विसरलो ते आपण, पांढरपेशे. ज्यांच्या त्या होत्या, त्यांना त्या विसरणे भाग पाडले गेले.

संतपरंपरेला या ज्ञानाची थोरवी ठाऊक होती. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नरसी आणि औंढा ही दोन्ही स्थाने आज हिंगोली जिल्ह्यातच आहेत. आध्यात्मिक अधिकाराची परीक्षा कुंभाराच्या अवजाराने व्हावी, यात हाताच्या ज्ञानाला केवढी प्रतिष्ठा आहे! आपल्या अर्थव्यवस्थेने मात्र थापटणे कुंभाराच्या हातून काढून घेतले आणि त्यालाच कच्चे ठरविले.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्राने कामाचा हक्क मान्य केला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तरीही ती हमी ‘अकुशल’ कामाची होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही तोच शब्द ठेवला. सुतार असो वा कुंभार, खडी फोडायला आला की हजेरीपटावर तो अकुशल झाला. उपाशी माणसाला काम दिलेच पाहिजे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या कौशल्याची किंमत शून्य धरणारा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर खोटाच ठरतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेने १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज देऊ केले. कारागिराने ते अवश्य घ्यावे. परंतु ही योजना कुटुंबात चालत आलेल्या व्यवसायाचा गौरव करू लागते, तेव्हा आपण सावध झाले पाहिजे. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये याच मुद्द्यावर ती आहे त्या स्वरूपात नाकारली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच बजावले होते. खळ्यावरच्या बलुत्यासाठी ताटकळणाऱ्या माणसाची लाचारी वगळून त्याच्या वाकसाचे सौंदर्य दाखविणे ही शुद्ध फसवणूक होय.

म्हणून कौशल्य टिकवावे आणि त्याला बांधलेली जात मोडावी, हीच समाजवादी भूमिका असू शकते. काँग्रेस समाजवादी पक्षातून आलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा वाहिली, ती कारागिराला बाजारात ताठ मानेने उभे करण्यासाठी. ते मंडळ केंद्र सरकारने २०२० मध्ये गुंडाळले, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी साधा निषेध नोंदविला?

प्रदर्शन जरूर भरवावे. पण काही अटींवर. अवजार काचेत ठेवू नये. ते प्रेक्षकाच्या हाती द्यावे आणि त्याचा हात कसा अडखळतो हे त्याला अनुभवू द्यावे. प्रत्येक वस्तूपाशी फलक असावा: घडवायला तास किती लागले, कारागिराला मिळाले किती, दुकानात भाव काय. कारागिराला शोभेसाठी बसवू नये. व्याख्यात्याला देतो तेवढे मानधन देऊन त्याला शिक्षक म्हणून बोलवावे. आणि शिकणाऱ्यांत ब्राह्मणाचा मुलगा ऐरणीपाशी व चांभाराची मुलगी चाकावर बसलेली दिसावी. एवढे करण्याची तयारी नसेल, तर जाणिवांच्या जागृतीची भाषा आपण बंद करावी. गोरोबांचे थापटणे आज आपल्याच डोक्यावर पडले, तर नाद कसा येईल, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्याशी करावा.