रिपोर्ट म्हणजे औषध नव्हे

आम्हा आयटीवाल्यांचा एक लाडका समज आहे. डेटा हातात आला की प्रॉब्लेम सुटलाच! हल्ली हा समज लहान मुलांच्या कॅन्सरपर्यंत पोचलाय. गाठीचा जीनोम वाचायचा, बिघडलेला जीन शोधायचा, त्यावरचं नेमकं औषध द्यायचं... सोप्पं आहे, म्हणे.

मंडळी, जरा आकडे बघा. अमेरिकेत २०१७ साली 'पीडियाट्रिक मॅच' सुरू झालं. पहिल्या १००० मुलांपैकी ३१५ जणांत औषध लागू पडू शकेल असा बिघाड सापडला, पण औषधाच्या चाचणीत प्रत्यक्ष दाखल झाली १३१. ऑस्ट्रेलियाच्या 'झीरो' प्रकल्पाचे २०२४ साली छापलेले आकडे असे : बरं होणं अवघड असलेली ३८४ मुलं, त्यातल्या २५६ जणांना औषध सुचवलं, मिळालं ११० जणांना. त्या ११० पैकी ३६ टक्क्यांचा आजार स्पष्टपणे मागे हटला. हे थोडं नाही हं! तपासणी थोतांड आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण उरलेल्या १४६ मुलांचं काय? तब्येत ढासळते, दुसरा उपचार चालू असतो, औषधच हाती येत नाही, कारणं अनेक. आमच्या भाषेत, बग सापडला पण पॅच नाही.

कारण औषधं बनतात मोठ्यांसाठी. अमुक अवयवाचा कॅन्सर मुलांना होतच नाही, असं सांगून अमेरिकेत कंपन्या मुलांवरच्या अभ्यासातून सुटायच्या. २०१७ च्या 'रेस' कायद्याने ही पळवाट बुजवली (लागू झाला ऑगस्ट २०२० पासून) : अवयव सोडा, औषध ज्या बिघाडावर चालतं तो मुलांच्या कॅन्सरमध्ये असेल तर मुलांवरही अभ्यास करा. भांडायचं तर अशा गोष्टींसाठी.

आणि साखळी पूर्ण असली की काय होतं? ल्युकेमियाच्या शंभरातल्या तीन-चार मुलांत फिलाडेल्फिया क्रोमोझोम असतो. तो शोधायला अख्खा जीनोम लागत नाही, एक नेमकी चाचणी पुरते. केमोला इमॅटिनिबची जोड दिल्यावर तीन वर्षं आजार न उलटणारी मुलं ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली, हे २००९ सालीच छापून आलंय. आपल्याकडे तर २०१३ साली सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिबचं पेटंट नाकारलं, म्हणून ते स्वस्तात मिळतं.

तेव्हा 'परदेशी जीन टेस्टसाठी मदत करा' असा मेल आला तर पैसे जरूर द्या, पण आधी विचारा. बिघाड सापडला तर औषध कुठून येणार? मुलाच्या वजनाला डोस किती, हे कुणी तपासलंय का? आणि टेस्टचं बिल भरल्यावर केमोसाठी किती उरतात?