एकाच केसपेपरवर दोघे

पुणे जिल्ह्यातल्या आहुपे किंवा हातवीज गावच्या माणसाला मानसिक उपचारांसाठी डोंगर उतरून मंचर, जुन्नर, नाहीतर थेट येरवड्याचे मनोरुग्णालय गाठावे लागते. तिथे औषध लिहिणारे डॉक्टर आणि समुपदेशक परस्परांशी बोलत नसतील, तर गुंगी येते म्हणून रुग्णाने सोडलेली गोळी डॉक्टरांना पुढच्या खेपेपर्यंत कळतच नाही. गोव्यातील ‘मानस’ अभ्यासात (‘लॅन्सेट’, २०१०) प्रशिक्षित समुपदेशक, केंद्रातले डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र राबले आणि सरकारी केंद्रांतले अधिक रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. तज्ज्ञ अपुरे आहेत, हा आक्षेप खराच; म्हणूनच त्यांचा सल्ला समुपदेशकांपर्यंत फोनवरून पोचला पाहिजे. गुप्ततेची काळजी रुग्णाची संमती घेऊन मिटते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत डॉक्टर-समुपदेशकांचा सामायिक केसपेपर तातडीने सुरू करावा.