हवेला हद्द नसते

कोपरखैरणे, वाशी, खारघर वा तळोजा परिसरातील आपल्या बांधवांना रात्रीच्या उग्र रासायनिक दर्पाविषयी नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र सकाळी हवेचा निर्देशांक पाहावा, तर तो कधी कधी 'समाधानकारक' असतो. मग खरे काय मानावे? आमच्या मते नाकही खरे आणि आकडाही खरा. दोघे निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात.

२०१५ साली सुरू झालेला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, ओझोन, अमोनिया अशा आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे. त्यांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा जाहीर होतो. १०० पर्यंत हवा समाधानकारक, तर २०० च्या पुढे ती वाईट मानली जाते. धूलिकणांची सरासरी २४ तासांची असल्याने मध्यरात्रीचे दोन वाईट तास तीत विरून जातात. शिवाय उग्र वास असलेली अनेक सेंद्रिय रसायने या आठांत नाहीतच.

दुसरी अडचण हद्दीची आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा नवी मुंबई महानगरपालिकेत, तर तळोजा पनवेलच्या बाजूस. कारखान्यांवर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. रस्ते, बांधकामे आणि वाहने यांचे कारभारी वेगळे. हिवाळ्याच्या रात्री वारा पडला की पारसिकचे डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधील वस्तीवर धूर व धूळ साचून राहते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नवी मुंबईचा समावेश झाला, ही समाधानाची बाब होय. परंतु त्यातील आराखडे शहरनिहाय आहेत आणि प्रगती मुख्यतः धूलिकणांवरच मोजली जाते. वायूंचा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

म्हणून संपूर्ण प्रदेशासाठी एकच आराखडा हवा आणि औद्योगिक पट्ट्यालगत या रसायनांचे तासागणिक मोजमाप जाहीर व्हावे, असे आम्हांस वाटते. तोवर आपणही काही करू शकतो. दर्प येताच तारीख, वेळ, ठिकाण व वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. धर्मग्रामातील अनेक कुटुंबांच्या नोंदी एकत्र करून मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी. एकट्याची कुरकुर दुर्लक्षिली जाते, शंभर नोंदी सहसा दुर्लक्षिता येत नाहीत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दूषित हवेची झळ गरिबांना अधिक बसते, याकडे लक्ष वेधले होते. खिडक्या बंद करून घेण्याची सोय ज्यांना नाही, त्यांच्यासाठी तरी या नोंदी ठेवू या.