रंगाच्या आधीचे सात टँक

पुण्यात एरंडवण्यातल्या कमला नेहरू पार्कात एक विमान उभं आहे. पुण्यात लहानाचे मोठे झालेल्या बहुतेकांचा त्याच्यासमोर निदान एक तरी फोटो असतो, पण ते कुठलं विमान म्हणून विचारलं तर बरेच जण "मिग असेल" म्हणून मोकळे होतात. ते मिग नाही. ते एचएफ-२४ मरुत. भारतात विकसित झालेलं आणि बनलेलं पहिलं लढाऊ जेट, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. डिझाइन जर्मनीहून आलेल्या कुर्ट टँक यांचं, बांधणी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची (आजची एचएएल). एकूण १४७ बनली, १९७१ च्या युद्धात लढली, १९९० पर्यंत निवृत्त झाली. आता जी उरली आहेत ती बोटांवर मोजता येतील एवढी. एक पुण्यात, एक मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये, बाकीची बंगळुरू, दिल्ली वगैरे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अशा उभ्या विमानांचं रंगकाम. बागेत, चौकात, कॉलेजच्या गेटवर ठेवलेली ही विमानं अधूनमधून रंगवली जातात. माझं म्हणणं सरळ आहे: आपण त्यांच्यावर जो पैसा खर्च करतो तो चुकीच्या जागी करतो. रंगावर करतो. तो रंगाच्या आधी व्हायला पाहिजे.

एका गावात (नाव राहू दे) असं काम चालू असताना मी पाहिलंय. बांबूची परात, दोन माणसं, हातात लोखंडी वायर ब्रश. जुना रंग जिथे सुटला होता तिथे खरवडला, जिथे नव्हता तिथे तसाच ठेवला, कोरड्या फडक्याने पुसलं आणि दुसऱ्या दिवशी वरून चकचकीत रंग. लांबून फोटो झकास येतो. पण लोखंडी गेटचा हिशोब ॲल्युमिनियमला लावला की घोटाळा होतो.

होतं काय, की ॲल्युमिनियम हवेत आल्या आल्या स्वतःवर ऑक्साइडचा एक पापुद्रा चढवतो, काही नॅनोमीटरचा. हा पापुद्रा धातूला वाचवतो, पण रंगाला नीट धरत नाही. शिवाय विमानाचं ॲल्युमिनियम म्हणजे घरातलं पातेलं नव्हे. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध मिश्रधातू २०२४ (हे साल नाही, नंबर आहे) घ्या. त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. त्यानेच त्याला ताकद येते आणि त्यानेच तो लवकर खातो, म्हणजे गंजतो. म्हणून अशा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना बरेचदा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटलेला असतो, त्याला ॲलक्लॅड म्हणतात. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर हा थर साधारण ०.०५ मिमी, म्हणजे केसाएवढा. ग्राइंडर एकदा जोरात फिरवला की संपला! आणि लोखंडी ब्रशचे कण धातूत रुतून बसतात ते वेगळंच. पाऊस पडला की लोखंड आणि ॲल्युमिनियमची तिथे छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम.

मला हे सगळं नीट कळलं ते आंबीत. तळेगाव स्टेशनकडून इंद्रायणी ओलांडून एमआयडीसीच्या बाजूला गेलं की आंबी लागतं. तिथे माझ्या एका मित्राच्या मामांची पावडर कोटिंगची छोटी शेड आहे. ॲल्युमिनियमची सेक्शन्स, ब्रॅकेट, कव्हर असला माल. मी गेलो होतो रंग बघायला आणि मामांनी अर्धा तास नुसते टँक दाखवले. डीग्रीझिंग, पाणी, एचिंग, पाणी, नायट्रिक, पाणी, क्रोमेटिंग. या धंद्यात याला सगळे 'सेव्हन टँक'च म्हणतात, मग टँक सात असोत की नऊ. एचिंगमधून बाहेर आलेला तुकडा काळा पडलेला होता. मी विचारलं, बिघडला का? "अरे, तो काळा त्यातलाच आहे, तांबं, सिलिकॉन. नायट्रिकात घातला की जातो बघ." आणि खरंच गेला. प्रत्यक्ष रंगाची बंदूक त्या तुकड्यावर जेमतेम मिनिटभर फिरली.

(आमच्या धंद्यात वेगळं काय चालतं म्हणा. नव्या स्क्रीनला बजेट मिळतं, डेटा साफ करायला मिळत नाही. असो.)

आता विमान काही टँकमध्ये बुडवता येत नाही. म्हणजे हे सात टँक हातांनी विमानापर्यंत न्यायचे. आधी काच, टायर, रबर, सांधे हे सगळं ॲल्युमिनियमच्या टेपने झाकायचं, कारण पेंट रिमूव्हर कॅनोपीचं ॲक्रिलिक खराब करतो आणि पत्र्यांच्या जोडात शिरून महिनोन्‌महिने आत काम करत राहतो. स्वस्तात पडतं म्हणून कॉस्टिक सोडा वापरायचा नाही, तो रंगासकट विमानही विरघळवतो. सँड ब्लास्टिंग नाही, पातळ पत्रा पोळीसारखा फुगतो. रंग निघाला की खरी परीक्षा. रिव्हेटच्या कडेने निघालेल्या अळीसारख्या नागमोडी रेघा म्हणजे रंगाखालून पसरलेलं खाणं. जिथे धातूचे पदर खारीसारखे सुटलेत तिथे आजार खोल गेलाय, तिथे लांबी भरून चालत नाही. ते सगळं नायलॉनच्या पॅडने, हलक्या हाताने, निरोगी धातू लागेपर्यंत काढायचं.

मग धुणं आणि सगळ्यात स्वस्त चाचणी. पृष्ठभागावर स्वच्छ पाणी सोडायचं. अर्धा मिनिट पाण्याचा सलग पडदा राहिला तर पास. अळूच्या पानासारखे थेंब झाले तर तेलकटपणा आहे, परत धुवा. या चाचणीला पाणी आणि डोळे एवढंच लागतं. त्यानंतर रासायनिक कोटिंग, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी इपॉक्सी प्रायमर आणि मग कुठे तो रंग.

एक गोष्ट मात्र रंग टिकण्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. जुन्या लष्करी विमानांच्या प्रायमरमध्ये सर्रास क्रोमेट असायचं, तो ओळखीचा हिरवट पिवळा थर. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करतं, हे सिद्ध झालेलं आहे. असा थर कोरड्या पॉलिश पेपरने घासला की ती धूळ घासणाऱ्याच्या छातीत जाते, नाकाला रुमाल बांधलेला असला तरी. आणि विमान बागेत असेल तर शेजारच्या घसरगुंडीवरही बसते. काम ओलं करायचं, योग्य मास्क द्यायचे, भोवती कनात लावायची आणि गाळ गटारात सोडायचा नाही. रोजंदारीवर आलेल्या माणसाला हे माहीत असावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. ते काम देणाऱ्याने लिहून द्यायला हवं.

तारखेचाही मुद्दा आहे. आपल्याकडे रंग लावायचा मुहूर्त हवा ठरवत नाही, कार्यक्रम ठरवतो. १५ ऑगस्टला पाहुणे येणार म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रंग! पॉलियुरेथेनचा हार्डनर ओलाव्याशी रिॲक्ट होतो, वायू सुटतो आणि रंगात बारीक फोड येतात. मावळात त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, विमान काय वाळणार? :-) २६ जानेवारीचा कार्यक्रम धरा, काम डिसेंबरात करा.

यावर हमखास येणारा प्रश्न: ते विमान परत उडणार थोडंच आहे? एवढे लाड कशाला? मला हे उलटं वाटतं. उडणारं विमान ठरलेल्या तासांनी उघडलं जातं, तपासलं जातं. उभ्या विमानाकडे रंगवाल्याशिवाय कोणी फिरकत नाही. त्याच्या पोटाखाली पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीसुद्धा रंगाच्या थरांनी बुजतात आणि पावसाचं पाणी आतच साचतं. बाहेरून नवं, आतून भिजलेलं. गोव्यात बोगमाळ्याजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात तर सुपर कॉन्स्टलेशन उघड्यावर उभं आहे, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. मीठ तो ऑक्साइडचा पापुद्राच फोडतं. तिथे प्रत्येक मोकळा रिव्हेट म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. १४७ मधलं एक मरुत खाल्लं गेलं तर दुसरं आणायला दुकान नाही.

पैसे कमी असतील तर माझ्या मते विमान तसंच जुनाट दिसू द्यावं. दरवर्षी धुवावं, भोकं मोकळी करावीत, पक्ष्यांची घरटी काढावीत. अर्धवट तयारीवर चढवलेल्या नव्या रंगापेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण तो रंग खालचं खाणं झाकतो आणि कळेपर्यंत पत्र्याला भोक पडलेलं असतं.

आणि पैसे असतील तर टेंडरमध्ये रंगाच्या शेडच्या आधी चार ओळी घालाव्यात: लोखंडी ब्रश आणि ग्राइंडर बंद, घासणं ओलं, प्रायमरआधी पाण्याची चाचणी कोणीतरी उभं राहून बघणार, आणि निम्मं बिल त्या चाचणीनंतर.