पैठणला गेलात तर मागापाशीही थांबा

चामराजपेटहून सिटी मार्केट ओलांडलं की चिकपेट लागतं. बंगळुरूतल्या मराठी घरात लग्न ठरलं की पैठणीचा शोध बहुधा याच गल्ल्यांत सुरू होतो आणि पुष्कळदा इथेच संपतो. गादीवर उलगडलेल्या कित्येक साड्या यंत्रमागावरच्या असतात. रंग झगझगीत, मोर ठसठशीत, किंमत आवाक्यातली. पदर उलटा केला की मात्र मागे आडवे धावणारे किंवा कातरलेले धागे दिसतात. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच उमटते.

खरं तर या शहराचं पैठणीशी नातं जुनं आणि चांगलं आहे. पैठण-येवल्याच्या मागांवर चढणारं रेशीम मुख्यत्वे बंगळुरूहून जातं, जर सुरतेहून. ज्या शहरातून विणकराला सूत मिळतं, त्याच शहरातून त्याच्या पोटावर पाय येतो, ही गोष्ट मनाला लागते. यंत्रमागाची साडी वाईट नाही. ज्यांना परवडते त्यांनी ती आनंदाने नेसावी. पण ती यंत्रमागाची म्हणूनच विकली जावी. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव वाट्टेल त्या मालाला चिकटवणं ही फसवणूक आहे.

पैठण छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, इथे दिंड्या उतरतात. गोदावरीत स्नान, संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन, गावातला नाथांचा वाडा, मग जायकवाडीचं धरण आणि ज्ञानेश्वर उद्यान, अशी बहुतेकांची यात्रा ठरलेली. लघुउद्योग विकास महामंडळाने काढलेलं पैठणी केंद्रही याच गावात आहे. तिथे वाकडी वाट करून जाणारे थोडे.

जे जातात त्यांना पदर कसा घडतो ते दिसतं. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली. विणकर ताण्याचे धागे मोजतो, तेवढ्यातून तिल्ली फिरवतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत मोजतो. नक्षीतल्या मुनियाची चोच लाल, अंग हिरवं. एवढ्याशा पाखरासाठी हात किती वेळा थांबतो! दाट नक्षी असेल तर दिवसभरात काम जेमतेम एखादा इंच सरकतं. भारी पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात. तेवढे महिने घर कशावर चालायचं, हा प्रश्न विणकराच्या मुलाला बापाच्या शेजारी बसण्याआधीच पडतो.

फ्रान्सच्या ल प्वी या तीर्थक्षेत्रालाही हाच प्रश्न पडला होता. स्पेनमधल्या सांतियागोच्या पदयात्रेची एक मोठी वाट तिथल्या कॅथेड्रलपासून निघते. गाव लेससाठी प्रसिद्ध. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी कांड्या एकमेकींवरून फिरवत बायका ती विणत. सतराव्या शतकात लेसवर बंदी आली, तेव्हा जाँ-फ्रांस्वा रेजिस या धर्मोपदेशकाने ती उठवून घेतली असं तिथे मानतात. आज ते लेसवाल्यांचे संत आहेत. पुढे यंत्राच्या लेसने हातची लेस मागे सारली. मग १९७६ मध्ये सरकारने तिथे राष्ट्रीय लेस कार्यशाळा काढली. तिथले कारागीर सरकारी पगारावर काम करतात, नव्या चित्रकारांच्या रचना लेसमध्ये उतरवतात.

त्याच १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. धरण हवंच होतं, मराठवाड्याने त्याची वाट पाहिली होती. पण पैठणीसारख्या महावस्त्राच्या गावाला मागावर पगारी जागाही मिळायला हव्यात. पुरस्कार आणि प्रदर्शनं वर्षातून एकदा येतात. शिकाऊ मुलाला विद्यावेतन दर महिन्याला लागतं, आणि तेही तीन-चार वर्षं, कारण त्याआधी हात बसत नाही. षष्ठीच्या दिवसांत समाधीमंदिराच्या वाटेवर चार माग मांडले, तर दिंडीतल्या माणसांना ते काम डोळ्यांनी पाहता येईल. आणि चिकपेटच्या दुकानांत ‘हातमाग’ व ‘यंत्रमाग’ अशा दोन पाट्या लावायला तर सरकारचीही गरज नाही. गिऱ्हाइकांनी आग्रह धरला तरी पुरे.