घरचा हिशेब : फुकटच्या शिक्षणाला खर्च किती?



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी बारावी पास झाली. एका दुकानात महिना नऊ हजारांवर बोलावतायत. पाठवू का?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले. "ताई, असा विचार तरी कसा करता? फी शिष्यवृत्तीतून भागते. शिक्षण फुकट मिळतंय, तरी पोरीला कामाला लावणार?" ताई काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि निघून गेल्या.

घरी आल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. आम्ही बी.कॉम. झालेलो, वीस वर्षे कचेरीत हिशेबाच्या वह्यांत डोके घातलेले. ताईंनी हिशेबाचा प्रश्न विचारला आणि आम्ही तो उपदेश करून उडवून लावला. म्हणून या आठवड्यात तोच हिशेब नीट मांडतो. अर्थशास्त्री विचार कसा करतात, हेही त्यातून कळेल.

अर्थशास्त्र म्हणजे पैशाचे शास्त्र, असा आपला समज असतो. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून बाबासाहेब १९२३ साली डी.एस्सी. झाले, त्याच संस्थेतले प्राध्यापक लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली या शास्त्राची व्याख्या केली. तिचा सारांश असा : माणसाच्या गरजा पुष्कळ, साधने मोजकी, आणि प्रत्येक साधन एकापेक्षा अधिक कामांना लावता येते, म्हणून निवड करावी लागते. त्या निवडीचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. आता सांगा, आपल्या आया-बहिणी रोज दुसरे काय करतात? हातात पाचशेची एकच नोट. ती वाण्याची उधारी फेडायला द्यावी की पोराच्या वह्यांना? दोन्हीकडे तीच नोट चालत नाही.

इथूनच पहिली गोष्ट निघते. एखाद्या गोष्टीचा खरा खर्च म्हणजे तिच्यासाठी खिशातून गेलेले पैसे एवढाच नव्हे. तिच्यापायी जी दुसरी चांगली गोष्ट सोडावी लागली, तीही खर्चातच धरायची. पुस्तकात याला 'संधी खर्च' म्हणतात. पावती फाडली जात नाही, म्हणून हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. पण घराला तो बरोबर जाणवतो.

आता ताईंच्या पोरीचा हिशेब. समजा, कॉलेजची फी शून्य. पुस्तके आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळून महिन्याला एक हजार. तीन वर्षांचे झाले छत्तीस हजार. आणि दुकानाचा पगार? महिना नऊ हजारांप्रमाणे छत्तीस महिन्यांचे तीन लाख चोवीस हजार. तो घरात येणार नाही. म्हणजे फुकटच्या शिक्षणाचा खर्च झाला तीन लाख साठ हजार रुपये! पोरीचे जेवणखाण मात्र यात धरायचे नाही. ती कॉलेजात गेली काय नि दुकानात गेली काय, दोन वेळची भाकरी लागणारच. निवडीमुळे जे बदलते तेवढेच मोजायचे, हा अर्थशास्त्रातला मोठा नियम आहे.

याच नियमाची दुसरी बाजू म्हणजे बुडालेला खर्च. एखाद्या क्लासला वीस हजार भरले, तो क्लास कामाचा नाही हे कळले, आणि पैसे परत मिळायचे नाहीत. तरी "एवढे भरलेत, आता सोडायचा कसा?" म्हणून आपण आणखी दहा हजार भरतो. गेलेले वीस हजार दोन्हीकडे गेलेलेच आहेत. विचार करायचा तो पुढच्या दहा हजारांचा.

खर्च मोजला, आता मिळकत मोजू. समजा, पदवीनंतर पोरीला अठरा हजारांची नोकरी लागली. दुकानातच राहिली असती तर तोवर तिचा पगार बारा हजारांवर गेला असता. फरक महिन्याला सहा हजारांचा. तीन लाख साठ हजार भरून यायला साठ महिने, म्हणजे पाच वर्षे लागतील. त्यापुढे नोकरीची पंचवीस-तीस वर्षे उरतात. कागदावर कॉलेजच फायद्याचे ठरते. मात्र हे सगळे 'समजा' आहे. पदवी कोणतीही चालेल असे नाही. त्याच कॉलेजातून मागच्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली पोरे-पोरी आज कुठे कामाला आहेत, हे प्रवेशाआधी जाऊन विचारावे. पन्नास जाहिरातींपेक्षा त्यांच्या सांगण्याला किंमत आहे.

मग ताई चुकत होत्या का? नाही. नफा उद्याचा, चूल आजची. पाच वर्षांनी भरून येणारे पैसे दाखवून वाणी आज तांदूळ देत नाही. ज्याच्या घरात शिल्लक आहे तो थांबू शकतो. ज्याच्याकडे नाही त्याला फायद्याचा रस्ता दिसत असूनही सोडावा लागतो. आपल्याकडची पोरे कॉलेज सोडतात ती आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. त्यांना ती रुपया-पैशासकट कळते. म्हणूनच शिष्यवृत्तीत फीबरोबर निर्वाह भत्ता ठेवलेला असतो, आणि तो वेळेवर हातात पडणे फीच्या माफीइतकेच महत्त्वाचे असते. वर्ष सरल्यावर आलेला भत्ता गळालेल्या पोरीला परत वर्गात बसवत नाही. कार्यकर्त्यांनी भाषणे थोडी कमी करावीत आणि फॉर्म, दाखले, बँकेचे खाते यांच्यामागे जास्त लागावे, हे आम्ही आधी स्वतःला बजावतो.

दोष माणसाला न देता सगळी गणिते तपासायची, ही रीत बाबासाहेबांच्या १९१८ सालच्या निबंधात दिसते. हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय, हा त्याचा विषय. तेव्हा पुष्कळ विद्वान म्हणत होते की, जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे. तुकडे जोडा, सगळे ठीक होईल. बाबासाहेबांनी उलट विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? बैल, अवजारे, भांडवल हाताशी किती आहे, त्या मानाने जमीन लहान की मोठी ते ठरते. तेच तर अपुरे होते. शिवाय शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार होता, आणि रिकामे हात कमावत नसले तरी खातात. त्या हातांना शेतीबाहेर काम हवे, म्हणजे उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेताच्या दुखण्याचे औषध त्यांना कारखान्यात सापडले. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते, ते त्यांनी केले नाही.

आता शेवटची गोष्ट. आपण 'हे किंवा ते' असा विचार करतो. अर्थशास्त्री विचारतो, थोडे हे आणि थोडे ते जमेल का? समजा, पोरगी सकाळच्या कॉलेजला गेली आणि दुपारनंतर अर्धा दिवस साडेचार हजारांवर काम केले. मग बुडणारा पगार निम्म्यावर येतो. एकूण खर्च तीन लाख साठ हजारांऐवजी एक लाख अठ्ठ्याण्णव हजार होतो आणि पावणेतीन वर्षांत भरून निघतो. पोरीला दगदग होईल, हे खरे. ती दगदगही खर्चातच धरायची, आणि ती सोसवेल की नाही हे पोरीलाच विचारायचे.

हा कागद घेऊन आम्ही बुधवारी ताईंच्या घरी गेलो. आधी रविवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. पोरीने स्वतः आकडे पुन्हा जुळवून पाहिले आणि म्हणाली, "काका, दुकानदाराला अर्ध्या दिवसाचं विचारून बघते." काय ठरते ते कळेलच.

परतताना दादाची आठवण झाली. १९९४ साली आमच्या घरात एकालाच शिकवता येईल एवढीच ऐपत होती. दादा नववीतून निघाला आणि छापखान्यात बाइंडिंगला लागला. आम्ही बी.कॉम. झालो. सगळ्यांना सांगत आलो की, आम्ही फी माफीवर शिकलो, शिक्षणाला घरचा पैसाही लागला नाही. त्या रात्री दादाला फोन करून हा हिशेब सांगितला. तो हसला. म्हणाला, "अरे, तेव्हा हिशेब करत बसलो असतो, तर दोघंही राहिलो असतो." आम्हाला पुढे बोलता आले नाही. आमच्या पदवीच्या कागदावर नाव आमचे आहे. तिची किंमत दादाने दिली आणि त्याची पावती कुणी फाडली नाही.

वाचकहो, या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद घ्यावा. मधोमध रेघ मारावी. एकीकडे काय मिळाले ते लिहावे, दुसरीकडे त्यासाठी कुणी काय सोडले ते. दुसरी बाजू लिहिताना घरातल्या बायकांना आणि थोरल्या भावंडांना आधी विचारा.

पुढच्या आठवड्यात भिशी, बँक आणि सावकार यांच्या व्याजाचा हिशेब घेऊ.

जय भीम.